जपानी चित्रमालिका व त्यांतील स्त्रीचें चित्रण

करमणूक ही क्षुल्लक गोष्ट आहे असें मानणारे लोक पुष्कळ आहेत. आम्हीही बरींच वर्षें तसेंच मानीत आलों. परंतु फावल्या वेळीं मनुष्य आपण होऊन ज्या चित्रांकडे वळतो, तींच त्याच्या मनांत अधिक खोल रुजतात, हा अनुभव शिकविण्याचा धंदा करणारांस नित्य येतो. तासभर समजावून दिलेला धडा संध्याकाळपर्यंत विसरला जातो. आणि रात्रीं पाहिलेल्या मालिकेंतील एखाद्या वीराची उभें राहण्याची ढब मुलगा दुसऱ्या दिवशीं मैदानावर हुबेहूब करून दाखवितो. म्हणून आपले विद्यार्थी हल्लीं ज्या जपानी ॲनिमे मालिका इतक्या आवडीनें पाहतात, त्यांविषयीं, आणि विशेषतः त्यांतील स्त्रियांच्या चित्रणाविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या लेखास एक कारण घडलें, तें प्रथम सांगतों. गेल्या वर्षीं शाळेच्या भित्तिपत्रकासाठीं नववीच्या एका विद्यार्थिनीनें एक चित्र दिलें. तें जपानी धर्तीचें होतें. हात चांगला बसलेला होता. केंसांच्या बटा, वाऱ्यानें उडालेलें वस्त्र, डोळ्यांतील प्रकाश, हें सर्व तिला उत्तम साधलें होतें. परंतु चित्रांतील योद्धी ज्या तुटपुंज्या चिलखतांत उभी होती, त्यानें तिच्या शरीराचें रक्षण होण्याऐवजीं प्रदर्शनच होत होतें. आणि तिची उभें राहण्याची रीत लढणाऱ्याची नसून, पाहणाऱ्यास खूष करूं पाहणाऱ्याची होती. आम्हीं तें चित्र चार मुलांसमक्ष उतरविलें व तिला कठोर शब्द बोललों. ती त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन तिनें विचारलें, “सर, मीं जेवढ्या मालिका पाहिल्या, त्यांत लढणाऱ्या बायका अशाच काढतात. वेगळ्या काढलेल्या असतील, तर त्या कोठें पाहूं, तें सांगा.”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें, त्याचा निषेध मात्र आम्ही मोठ्या अधिकारानें केला होता. ही गोष्ट मनास लागली. पुढें उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही नेमानें या मालिका पाहावयास बसलों. त्या पाहण्यांतून जें हातीं आलें, तें येथें मांडीत आहों.

दोषाचें मूळ

ॲनिमे म्हणजे जपानांत तयार होणारा चित्रांचा चलत्पट. तेथें दर आठवड्यास अर्ध्या तासाचा भाग दाखविण्याची रीत ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ या मालिकेनें १ जानेवारी १९६३ रोजीं सुरू झाली. आमच्या पिढीला ही कला अगदींच अपरिचित होती असें नव्हे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दूरदर्शनवर जो मोगली आम्हीं हौसेनें पाहिला, तोही जपानी चित्रकारांनींच १९८९ सालीं काढलेला होता. मात्र तो जपानी आहे, याची आम्हां मुलांस वार्ताही नव्हती.

आतां दोषाकडे वळूं. अनेक मालिकांत कथेस कांहींही गरज नसतां स्त्रीपात्रांचीं शरीरें मुद्दाम दाखविण्यांत येतात. संभाषण गंभीर चाललेलें असतें, आणि चित्र मात्र बोलणारीच्या मुखाकडे न पाहतां भलतीकडेच पाहत असतें. वस्त्र फाटणें, पाय घसरून अंगावर पडणें, स्नानगृहांत चुकून शिरणें, असे प्रसंग विनोद म्हणून पुनःपुन्हां योजिलेले असतात. या प्रकारास तेथें ‘फॅन सर्व्हिस’ असें नांव आहे; म्हणजे चाहत्यांची सेवा. नांवावरूनच कळून येईल कीं, ही सेवा कथेची नव्हे, त्या स्त्रीची तर नव्हेच नव्हे.

हें असें कां होतें? जपानी लोकांची नीति वाईट, असें उत्तर देणें सोपें आहे, पण तें खरें नाहीं. आपल्याकडील चित्रपटांचीं भित्तिचित्रें पाहिलीं, तर दुसऱ्यास बोल लावण्याचें धैर्य आपणांस होणार नाहीं. खरें कारण बहुतांशीं बाजाराचें आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून मध्यरात्रीनंतर दाखविल्या जाणाऱ्या मालिका जपानांत वाढल्या. त्यांचा खर्च अनेक कंपन्या मिळून उभा करीत, आणि तो भरून निघे तो मुख्यतः थोड्याशा निष्ठावंत गिऱ्हाइकांनीं घेतलेल्या तबकड्या, बाहुल्या व चित्रें यांच्या विक्रीवर. जेथें थोड्या लोकांकडून पुष्कळ पैसा काढावयाचा असतो, तेथें त्या थोड्यांच्या हौशीचे लाड पुरविले जातात. परंतु जो बाजार एक प्रकारचा माल मागतो, तो दुसऱ्या प्रकारचाही मागूं शकतो. आणि त्याच देशांतील अनेक कलावंतांनीं अगदीं निराळ्या रीतीनें स्त्रिया रेखाटिल्या आहेत.

तीन कसोट्या

मालिका पाहतांना आम्हीं तीन प्रश्न मनाशीं ठेविले. पहिला प्रश्न : चित्राची दृष्टि कोठें जाते? स्त्री पडद्यावर आली असतां आपणांस तिचें मुख व तिची कृति दिसते, कीं तिचे अवयव निरनिराळे करून दाखविले जातात? दुसरा प्रश्न : तिला स्वतःचें कांहीं काम आहे काय, आणि त्या कामानें कथा पुढें सरकते काय? तिसरा प्रश्न : तिची लाज किंवा फजिती हा हंसण्याचा विषय केला आहे काय?

यांत वस्त्र किती लांब, हा प्रश्न आम्हीं मुद्दामच घेतला नाहीं. याचें एक उदाहरण आम्हांस पहिल्याच मालिकेंत मिळालें. ‘आल्प्स पर्वतांतील मुलगी हायडी’ ही ५२ भागांची मालिका १९७४ सालची. योहान्ना स्पीरी या स्विस लेखिकेच्या कादंबरीवरून ती इसाओ ताकाहाता यांनीं दिग्दर्शित केली, आणि पुढें जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी यांनीं तींतील दृश्यांची मांडणी केली. चित्रें खरीं उतरावींत म्हणून ही मंडळी आधीं स्वित्झर्लंडांत जाऊन तेथील डोंगर, कुरणें व घरें पाहून आली होती. तींत आरंभींच पांच वर्षांची पोरकी हायडी मावशीबरोबर आजोबांच्या झोंपडीकडे डोंगर चढते. ओझें वाहावयास नको म्हणून मावशीनें तिचे सर्व कपडे एकावर एक तिच्या अंगांत घातलेले असतात. पोर घामाघूम होते. आणि वाटेंत तो सगळा भार उतरवून आंतल्या झग्यावरच बकऱ्यांमागें धांवत सुटते. कपडे उतरविण्याचा हा प्रसंग, पण त्यांत दिसतो तो केवळ मोकळ्या झालेल्या मुलाचा आनंद. तेव्हां प्रश्न वस्त्राचा नसून दृष्टीचा आहे, हें आमच्या ध्यानांत आलें.

कांहीं मालिकांचा परिचय

याच ताकाहातांची दुसरी मालिका १९७९ सालची, ‘लाल केंसांची ॲन’. ती ५० भागांची असून एल्. एम्. माँटगोमरी या कॅनडांतील लेखिकेच्या १९०८ सालच्या कादंबरीवर आधारलेली आहे. या कथेचा जपानांत प्रवेश कसा झाला, हें आपल्यासारख्या शाळेंतील विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्याजोगें आहे. हानाको मुराओका या १८९३ सालीं जन्मलेल्या बाईंचें शिक्षण तोकियोंतील कॅनेडियन मिशनच्या मुलींच्या शाळेंत झालें. तेथें त्या इंग्रजी शिकल्या व पुढें भाषांतरकार झाल्या. १९३९ सालीं युद्धाचे ढग जमत असतां स्वदेशीं परतणाऱ्या एका कॅनेडियन मिशनरी मैत्रिणीनें हें पुस्तक त्यांच्या हातीं दिलें. युद्ध पेटल्यावर इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. तरी त्यांनीं भाषांतर सोडलें नाहीं. तें १९५२ सालीं प्रसिद्ध झालें, आणि जपानी मुलींच्या अनेक पिढ्या त्यावर वाढल्या. शाळेंत आस्थेनें शिकलेली एक भाषा किती दूरवर फळ देते, याचें हें उदाहरण होय.

मालिकेंत अनाथ ॲन अकरा वर्षांची असतां मॅथ्यू व मरीला या प्रौढ भावाबहिणींच्या घरीं येते, आणि भागागणिक आपल्या डोळ्यांदेखत मोठी होते. हातपाय लांबतात, चेहरा बदलतो, बोलणें आंवरतें. वाढत्या मुलीचें शरीर बदलतें, हें चित्रकारानें लपविलेलें नाहीं. मात्र त्याचा बाजारही मांडला नाहीं. ॲनला फुगीर बाह्यांच्या झग्याची फार हौस असते, आणि लाजाळू मॅथ्यू मोठ्या खटपटीनें तिची ती हौस पुरवितो. नटण्याची आवड मुलीस असूं नये, असें येथें कोणी सांगत नाहीं. ती आवड तिची आहे, आणि तिच्याच आनंदासाठीं आहे. भेद आहे तो एवढाच. शेवटीं मॅथ्यूच्या मृत्यूनंतर मरीलाची दृष्टि अधू होऊं लागते, तेव्हां ॲन मिळालेली शिष्यवृत्ति सोडून तिच्याजवळ राहते. हे भाग पाहतांना आमचे डोळे कोरडे राहिले नाहींत, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आतां त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊं. लढणारी स्त्री कशी काढावी? याचें उत्तर आम्हांस ‘सेइरेइ नो मोरिबितो’, म्हणजे ‘आत्म्याचा रक्षक’, या २००७ सालच्या २६ भागांच्या मालिकेंत सांपडलें. मूळ कादंबरी नाहोको उएहाशी यांची. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असून २०१४ सालीं बालसाहित्याचें हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक त्यांस मिळालें. मालिकेचें दिग्दर्शन केंजी कामियामा यांचें आहे. कथेची नायिका बाल्सा ही तीस वर्षांची भालाईत; पैसे घेऊन लोकांचें रक्षण करणें हा तिचा धंदा. चित्रमालिकांतील नायिका बहुधा शाळकरी वयाच्या असतात, त्यांत ही प्रौढ स्त्री प्रथमच डोळ्यांत भरते. तिचीं वस्त्रें प्रवासानें मळलेलीं व कामास सोयीचीं आहेत; चेहरा उन्हावाऱ्यानें रापलेला आहे. ती भाला उगारते, तेव्हां तिचा तोल पायांवर असतो, पाहणाऱ्याकडे नसतो.

राजपुत्र चागूम याच्या देहांत जलदेवतेचें अंडें वाढत आहे, म्हणून प्रत्यक्ष बापच त्यास मारविण्याचा घाट घालतो. आणि त्याची आई बाल्साच्या हातीं त्यास सोंपविते. लहानपणीं बाल्साला वांचविण्यासाठीं तिच्या पालकास, पाठलागावर आलेल्या आपल्याच आठ मित्रांचा प्राण घ्यावा लागला होता. त्या आठ जिवांच्या बदलीं आठ जीव वांचवीन, असा तिचा पण आहे. ‘स्त्रीच्या हातीं शस्त्र दिलें म्हणजे ती पुरुषच झाली’, असें कोणी म्हणतात. त्यांनीं बाल्सा पाहावी. ती त्या मुलास सामान्य लोकांत राहावयास शिकविते, धीर देते, वेळप्रसंगीं रागें भरते. आणि मारतां येत असतां न मारण्याचें कसब हेंच खरें कसब, हें तिच्या वागण्यावरून दिसतें. जखमांवर औषधपाणी करणारा तिचा मित्र तांदा हा पुरुष आहे, आणि सर्वांत ज्ञानी मांत्रिक तोरोगाई ही म्हातारी स्त्री आहे. कोणाचेंही काम कोणाच्या शरीरावरून ठरलेलें नाहीं.

अलीकडील मालिकांत ‘विश्वाहूनही दूरचें ठिकाण’ ही २०१८ सालची १३ भागांची मालिका आम्हांस फार आवडली. तिच्या दिग्दर्शिका आत्सुको इशिझुका या होत. शिरासे नांवाच्या विद्यार्थिनीची आई दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या मोहिमेंत नाहींशी झालेली आहे. तेथें जाण्यासाठीं ही मुलगी फावल्या वेळीं कामें करून दहा लक्ष येन सांठविते. शाळेंत तिची टर उडते, तरी ती मागें हटत नाहीं. तिच्याबरोबर आणखी तिघी निघतात. चौघी मुली एकत्र राहतात, भांडतात, रडतात, बोट लागून हैराण होतात. पण चित्रकार एकदांही त्यांच्याकडे हपापलेल्या नजरेनें पाहत नाहीं. मैत्री, अपमान व शोक हे विषय किती खोलवर नेतां येतात, तें या तेरा भागांत दिसून येतें. शेवट काय होतो तें सांगून आम्ही वाचकांचा रस घालवीत नाहीं. मात्र तो पाहतांना आपण आईस शेवटचें पत्र केव्हां लिहिलें, हें प्रत्येकास आठवेल.

‘एइझोकेन’ ही २०२० सालची १२ भागांची मालिका मासाआकी युआसा यांची. तींत तीन विद्यार्थिनी शाळेंतच चलत्पट बनवावयास निघतात. एकीला कल्पित यंत्रें व जग रचण्याचा नाद, दुसरी पैशाचा हिशेब ठेवणारी व्यवहारचतुर, आणि तिसरी मिझुसाकी. मिझुसाकीचे आईबाप प्रसिद्ध नट असून ती स्वतः छायाचित्रांसाठीं उभी राहते. सर्व जग तिच्याकडे पाहत असतें. तिला मात्र स्वतः पाहावयाचें आहे. माणूस उठतो कसा, वळतो कसा, धांवतो कसा, हें तिनें लहानपणापासून निरखिलें आहे. आणि म्हातारपणामुळें उठावयास कष्ट पडणाऱ्या आपल्या आजीच्या हालचालींपासूनही ती शिकली आहे. जिच्याकडे सर्वांनीं पाहावें अशी मुलगी, आणि जी स्वतः जगाकडे पाहते अशी मुलगी, या दोहोंतील अंतर या मालिकेनें आम्हांस जितकें स्पष्ट दाखविलें, तितकें एखाद्या व्याख्यानानें दाखविलें नसतें.

मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ ही २००९-१० मधील ६४ भागांची मालिका सुचवितों, परंतु एका सूचनेसह. मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या हिरोमू आराकावा या बाई होक्काइदोंतील दुग्धव्यवसायी शेतकऱ्याच्या घरीं वाढल्या. त्यांच्या कथेंत धातूचे हातपाय घडविणारी कारागीर विन्री आहे, बंदुकीची अचूक नेमबाज हॉकआय आहे, उत्तरेकडील बर्फांतील किल्ल्याची सेनापति ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग आहे. युद्धांत केलेल्या पापाचा जाब हॉकआयसारख्यांस द्यावा लागतो. मात्र कथेंत हिंसा पुष्कळ आहे, आणि लस्ट नांवाची एक खलस्त्री जुन्याच धर्तीवर काढलेली आहे. अशा ठिकाणीं चांगलें घ्यावें, आणि दोषास दोष म्हणावें. एका डागासाठीं सारें वस्त्र टाकून देणें शहाणपणाचें नव्हे; पण डाग नाहींच असें म्हणणेंही प्रामाणिकपणाचें नव्हे.

दोन इशारे

पहिला इशारा मुलांस. चित्रांतील स्त्री आपलें वस्त्र आपण निवडीत नाहीं. तें तिच्यावर चित्रकार चढवितो, आणि चित्रकारास तसें करावयास गिऱ्हाईक लावतें. म्हणून या चर्चेचा आधार घेऊन जर कोणी वर्गांतील मुलींच्या पोशाखावर टीका करूं लागेल, तर त्यास आमच्या लेखाचें एक अक्षरही समजलें नाहीं, असें आम्ही म्हणूं. दोष ज्याच्या लेखणींत व ज्याच्या नजरेंत आहे, त्याचाच विचार येथें केला आहे. मालिका पाहतांना आपली नजर काय शोधीत होती, हें ज्यानें त्यानें एकांतांत स्वतःस विचारावें.

दुसरा इशारा आईबापांस व आम्हां शिक्षकांस. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें आपल्या देशांत इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांवर व मालिकांवर वयाची खूण असावी लागते : सर्वांसाठीं, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठीं. ती खूण पाहण्याची संवय ठेवावी. परंतु खूण वय सांगते. दृष्टि सांगत नाहीं. त्यासाठीं मुलांजवळ बसून एखादा भाग स्वतः पाहावा लागतो. न पाहतां घातलेली बंदी मुलें पाळीत नाहींत. तीं फक्त आपल्यापासून लपवावयास शिकतात.

असो. त्या विद्यार्थिनीस आम्हीं शाळा उघडल्यावर बोलाविलें, तिचें चित्र परत केलें, आणि चार मुलांसमक्ष बोललों होतों म्हणून चार मुलांसमक्षच तिची क्षमा मागितली. चित्राविषयींचें आमचें मत बदललें नाहीं, हेंही तिला सांगितलें. बदललें तें आमच्या अधिकाराविषयींचें मत. मग वरील मालिकांच्या नांवांची चिठ्ठी तिला दिली. तीत ‘एइझोकेन’ नव्हती, ती तिनें आपल्या हातानें खालीं लिहिली व म्हणाली, “सर, ही तुम्ही पाहा.” आम्हीं पाहिली, व तिच्याविषयीं वर लिहिलें आहे.

तिनें अद्याप भित्तिपत्रकासाठीं नवें चित्र दिलेलें नाहीं. आम्हीही मागितलेलें नाहीं. ज्याचा हात एकदां भर वर्गांत थांबविला गेला, तो पुन्हां केव्हां चालूं लागेल, तें त्याचें त्यानेंच ठरवावें. मात्र मधल्या सुट्टींत ती व्हरांड्याच्या पायरीवर वही घेऊन बसलेली दिसते, आणि विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बाईकडे बराच वेळ टक लावून पाहत असते. विद्यार्थिमित्रहो, चित्र काढावयाचें असो वा नसो, मनुष्याकडे असें पाहावयास शिका. ज्याचें काम, ज्याचे श्रम व ज्याचें मन आपण नीट पाहिलें, त्यास केवळ शोभेची वस्तु करणें आपल्या हातून सहसा होत नाहीं.